उभ्या उभ्या शिवलेली नऊवारी

साडी नेसवणं हा माझा धंदा. लग्नसराईत नवरीमुलींना नेसवते आणि उरलेलं वर्ष जाहिरातींच्या, कॅटलॉगच्या शूटवर जाते. परळला चाळीत वाढले, दादरच्या एका पार्लरमध्ये केस कापायला शिकता शिकता साडी नेसवायला शिकले. तिथे आलेल्या एका फोटोग्राफरने माझ्या निऱ्या बघितल्या आणि म्हणाला, "ताई, शूटवर याल का?" त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली.

पहिल्या दिवशी मला सगळ्यात नवल वाटलं ते पाठीचं. समोरून मुलगी अशी दिसत होती, जणू साडी तिच्या अंगावरच विणलीय. मागे गेले तर ब्लाउजला चार काळ्या क्लिपा, कमरेला सेलोटेप, पदराखाली पुठ्ठा. खुर्चीत बसायची सोय नाही. खोल श्वास घेतला की एखादी क्लिप सुटून खाली पडायची आणि सगळे तिच्याकडे असे बघायचे, जशी काही तिने शिंक दिली. पुढे पुढे त्या क्लिपा मीच लावायला लागले.

पोझेसही हळूहळू कळत गेल्या. वजन मागच्या पायावर, पुढचा गुडघा किंचित वाकलेला. मान एका बाजूला. हनुवटी खाली, नजर वर. हात रिकामा ठेवायचा नाही, तो गळ्याशी, कानाशी, नाहीतर पदराच्या टोकाशी. हसायचं, पण कशाला ते विचारायचं नाही. त्याच फोटोत पुरुष असला तर तो दोन्ही पाय जमिनीवर रोवून सरळ उभा असतो, किंवा खुर्चीत बसलेला असतो. त्याला कोणी मान वाकडी करायला सांगितलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. मला यात काही खटकायचं नाही. उलट मीच मुलींना सांगायचे, "गुडघा सैल सोड गं, खांब होऊ नकोस." घरी नवऱ्याने मोबाइलवर माझा फोटो काढायला घेतला की माझाही एक पाय आपोआप पुढे यायचा. तो म्हणायचा, "अगं, बँकेच्या फॉर्मला लावायचा फोटो आहे, सरळ उभी राहा." मला सरळ उभं राहायला जरा वेळ लागायचा.

जिच्याबद्दल सांगायचंय ती मुलगी मला भेटली लोअर परळच्या एका स्टुडिओत. गिरणीच्या जुन्या शेडमध्ये आहे तो. सव्वीस वर्षांची, उंच, सावळी, लांब मान. सेटवर सगळ्यांशी हिंदी-इंग्रजीत बोलत होती. मेकअप चालू असताना तिचा फोन वाजला आणि पलीकडून आईचं मालवणी मलाही ऐकू आलं, "जेवलंस काय गो?" तिने घाईघाईने आवाज कमी केला आणि आरशातून माझ्याकडे बघितलं. मी हसले. "लालबाग?" विचारलं. तीही हसली. "तुम्हाला कसं कळलं?" त्यानंतर आमची गट्टी जमली. कामावर असली की माझ्या डब्यातलं खायची, तेही उभ्याने, मान पुढे काढून, साडीवर काही सांडू नये म्हणून. मी तिला भरवायचेसुद्धा. तिचे हात बांगड्यांनी भरलेले असायचे.

बी.कॉम. झाली होती. एका ऑफिसात दीड वर्ष नोकरी करून सोडली होती. "तिथे दिवसभर बसून असायचे ताई, इथे दिवसभर उभी असते, एवढाच फरक," म्हणायची.

मग ते दिवाळीचं काम आलं. दादरच्या साड्यांच्या एका जुन्या दुकानाची जाहिरात होती. जाहिरात करणाऱ्या कंपनीच्या मॅडम माझ्या ओळखीच्या, पस्तिशीच्या, गिरगावातच वाढलेल्या. त्यांना स्टुडिओ नको होता. गिरगावातल्या एका चाळवजा इमारतीचा तिसरा मजला त्यांनी एका दिवसासाठी घेतला, लाकडी कठड्याची लांब गॅलरी होती म्हणून. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून दुपारी साडेतीन ते पाच एवढाच वेळ तिथे ऊन यायचं आणि कठड्याच्या नक्षीची सावली जमिनीवर पडायची. मॅडमना ती सावली हवी होती.

साडी बाटलीच्या रंगाची, हिरवी, खरी रेशमी नऊवारी. मॅडम मला म्हणाल्या, "हे बघ, रेडीमेड नको. खरी नेसव. पण निरी हलता कामा नये. ओचा, काष्टा, खांदा, सगळीकडे टाके घाल."

"अंगावरच?"

"अंगावरच. चार तासांचा तर प्रश्न आहे."

मी याआधीही एखाददुसरा टाका घातला होता. पण त्या दिवशी पाऊण तास मी तिला शिवत होते. आतून घट्ट लेगिंग, त्यावर साडी, आणि साडीला हिरव्या रेशमाचे टाके, कमरेच्या आतल्या पट्टीला, मागे काष्ट्याला, खांद्यावर ब्लाउजला. ती हात वर करून उभी होती. म्हणाली, "ताई, मी आता तुमची उशी झाले." आम्ही दोघी हसलो. दुपारचा एक वाजला होता.

आधी खोलीतले फोटो झाले. एकात ती दाराआडून डोकावतेय, एकात आरशात बघून नथ सारखी करतेय, एकात जमिनीवर बसून फुलं ओवतेय. बसायचं म्हणजे नुसतं बसल्यासारखं, कारण शिवलेल्या काष्ट्यात मांडी घालता येत नव्हती. मी तिला काखेत धरून खाली टेकवलं आणि तसंच उचललं. जाहिरातीतल्या नवऱ्याच्या कामासाठी आणलेला मुलगा खुर्चीत पेपर घेऊन बसला होता. ती त्याच्या मागे, खुर्चीवर हात ठेवून. ते दोन फोटो संपल्यावर तो खाली जाऊन चहा पिऊन आला.

उकाडा खूप होता. मीच तिला सारखं पाणी देत होते, स्ट्रॉने, लिपस्टिक जाऊ नये म्हणून.

साडेतीनला ऊन आलं. तिला कठड्याशी उभं केलं. सर, म्हणजे फोटोग्राफर, म्हणाले, "खाली रस्त्याकडे बघ. वाट बघतेयस."

"कोणाची?" तिने विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "नवऱ्याची. सणाला घरी येतोय. त्याला येताना बघितलंस आणि लाजलीस."

दुकानाचे शेठ स्क्रीनसमोर खुर्ची टाकून बसले होते. प्रत्येक फोटो आला की म्हणायचे, "छान आहे, पण ती लाजत नाही. ती नुसती बघतेय." पुन्हा घ्यायचा. मान आणखी खाली. ओठ किंचित उघडे. हात कठड्यावर, नाही, गालाशी. पुन्हा.

चारच्या सुमाराला मी निरी सारखी करायला पुढे गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई, मला बाथरूमला जायचंय."

तिथला संडास गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला, सगळ्या मजल्याचा मिळून एकच. आणि टाके उसवल्याशिवाय ती तिथे जाऊन काही उपयोग नव्हता. मी मॅडमकडे गेले. त्या आकाशाकडे बघत म्हणाल्या, "आत्ता? अगं, उसवून परत शिवेपर्यंत ऊन जाईल. तिला सांग, वीस मिनिटं." मी परत येऊन तिला सांगितलं, "वीस मिनिटं काढ."

"एकच टाका उसवा ना ताई, मागचा. मी जमवते."

"एक उसवला की सगळं सुटेल गं. थोडं थांब."

हे मी म्हणाले. कोणी मला म्हणायला लावलं नव्हतं.

बाजूच्या खोलीतल्या एक बाई मघापासून दारात उभ्या राहून बघत होत्या. गाऊन घातलेल्या, हातात वाळलेले कपडे. त्यांना सगळं कळलं असावं. त्या म्हणाल्या, "हिला आमच्या मोरीत पाठवा. घरात कोणी नाही." मॅडम गोड हसून म्हणाल्या, "थँक यू काकू, झालंच आता." त्या बाई आत गेल्या नाहीत. तिथेच उभ्या राहिल्या.

वीस मिनिटं झाली, मग आणखी दहा. शेठ म्हणत होते, "अजून एक, अजून एक." ती आता जास्तच वाकली होती, गुडघे जोडून घेतले होते, आणि सर म्हणत होते, "हां, हे बरंय, अशीच राहा." मी चार पावलांवर उभी होते. माझ्या ॲप्रनच्या खिशात कात्री होती. मी सारखी घड्याळाकडे बघत होते आणि कठड्याच्या सावलीकडे. सावली लांबत चालली होती. माझ्या मनात तेव्हा एवढंच होतं, की लवकर संपू दे. तिचं संपू दे असं नव्हतं. काम संपू दे.

तिने मान खाली घातली. डोळे भरून आले, गालावर रक्त चढलं, मेकअपमधूनसुद्धा दिसलं. सर ओरडले, "होल्ड! हेच! हलू नकोस!" कॅमेरा खटखट खटखट वाजत राहिला.

आणि मग तिच्या पायांशी फरशी ओली झाली.

नवऱ्याचं काम करणाऱ्या मुलाने तोंड भिंतीकडे फिरवलं, त्याचं मला अजून बरं वाटतं. शेठ स्क्रीनकडेच बघत होते, त्यांना कळायला वेळ लागला. ती तशीच उभी होती, हात गालाशी, जसा ठेवायला सांगितला होता तसाच. गाऊनवाल्या बाई पुढे आल्या, त्यांनी हातातली चादर तिच्या खांद्यावरून खालपर्यंत टाकली आणि तिला धरून आपल्या खोलीत नेलं. मीही मागे गेले. त्यांनी दार लावून घेतलं.

मोरीत मी गुडघ्यावर बसून टाके उसवले. ओलं रेशीम घट्ट होतं, कात्रीचं टोक आत जाईना. वर बघायची हिंमत नव्हती. ती रडत नव्हती. शेवटचा टाका उसवला तेव्हा म्हणाली, "ताई, कात्री खिशातच होती ना?"

"हो," मी म्हणाले.

त्या बाईंनी तिला आपला धुतलेला गाऊन घालायला दिला. पाठीत एक हात फिरवला. ओली साडी त्यांनी गोळा करून माझ्या हातात दिली.

बाहेर आले तर मॅडम जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. "टॅक्सी बोलावलीय. तिला घरापर्यंत सोड," म्हणाल्या. शेठ साडीबद्दल विचारत होते. गडद रंगावर काही दिसत नव्हतं.

टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत बसली. लालबागला उतरताना तिने गाऊन मुठीत धरला होता. माझा हात मी पुढे केला, तिने धरला नाही. चढून वर गेली.

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस जाहिरात लागली. दादरला दुकानाच्या दर्शनी भिंतीवर, दोन मजले उंच. मला वाटलं होतं, तो फोटो ते टाकणार नाहीत. त्यांनी नेमका तोच निवडला होता. भरलेले डोळे, लाल गाल, खाली झुकलेली मान. फरशी फोटोत नव्हती, गुडघ्यांपासून वरचाच फोटो घेतला होता. खाली लिहिलं होतं, "सण तिच्या डोळ्यांत."

मला पिना, अस्तर, टिकल्या घ्यायला दादरलाच जावं लागतं. दुसरा रस्ता धरला तरी फूलबाजाराच्या कोपऱ्यावरून तो दिसायचाच. एकदा मी तिथे उभी असताना शेजारची एक बाई तिच्या मुलीला म्हणाली, "बघ, किती गोड लाजलीय. आजकालच्या मुलींना असं लाजता येतं का?" मी तिच्याकडे बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि झेंडूचा भाव विचारला.

फोटोतल्या त्या मुलीला मी फोन केले, तिने उचलले नाहीत. मेसेज टाकले, तिने वाचले, उत्तर दिलं नाही. दिवाळी झाल्यावर एका रविवारी दुपारी मी तिच्या घरी गेले. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत होते. दार तिच्या आईने उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला आत ओढूनच नेलं. "म्हणजे तुम्हीच ती साडी नेसवलीत?" त्यांच्या फोनवर पहिला फोटो तोच होता. भिंतीवर त्याची मोठी प्रत फ्रेम करून लावली होती. "बघा, माझा चेडू कसा लाजता! घरात कधी लाजला नाय. मी म्हटलं, ह्या खयसून इला!"

ती आतून आली. मला बघून जागच्या जागी थांबली. आईला काही माहीत नाही, हे मला तिच्या नजरेवरून कळलं. आई म्हणाली, "सांगा ना, कसा आला फोटो?"

"छान आलाय," मी म्हणाले. "खूपच छान."

दुसरं काय म्हणणार होते? चहा प्यायले. त्या भिंतीसमोर बसून प्यायले. निघताना ती मला स्टॉपपर्यंत सोडायला आली.

"मला माफी मागायची होती," मी म्हणाले.

"माहितीय." ती म्हणाली. "ताई, आता ते सगळ्यांना हवंय. परवा मावशीच्या मुलाच्या साखरपुड्यात सगळे म्हणाले, तशी लाजून दाखव. मी दाखवलं. एक स्थळ आलंय. मुलाच्या आईने तो फोटो बघून विचारलंय. आई खूश आहे. तिला मी काय सांगू, तो कसला फोटो आहे?"

"मी मॅडमशी बोलू? काढायला सांगू?"

"बघा बोलून," ती म्हणाली. तिला काही आशा नव्हती.

मी मॅडमच्या ऑफिसात गेले. काचेच्या भिंतींची इमारत आहे ती, जिथे खाली गेटवर नाव लिहावं लागतं. मॅडमनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तिने कागदावर सही केलीय. दोन वर्षं तो फोटो त्यांचा आहे. शेठना त्यातला 'ग्रेस' आवडलाय." मग खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाल्या, "त्या रात्री मलाही झोप लागली नाही गं. पण माझ्या हातात काय आहे?" मला वाटतं त्या खरं बोलत होत्या. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

त्या स्थळाशीच तिचं ठरलं. मुलगा चांगला आहे, बँकेत आहे. लग्नाला तिने मलाच बोलावलं. फोन करून एवढंच म्हणाली, "बसता येईल अशी नेसवा." मी एकही पिन न लावता नेसवली, माझी आई नेसायची तशी. फोटो काढणाऱ्याने तिला मंडपाच्या खांबाशी उभं केलं आणि म्हणाला, "मॅडम, ती दादरची पोझ द्या ना." तिने मान झुकवली, हात गालाशी नेला, आणि क्षणात तिचे डोळे भरून आले. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी मागून बघत होते. नंतर तिला विचारलं, "त्रास झाला का?" ती म्हणाली, "नाही ताई. आता आपोआप येतं." तिने मॉडेलिंग सोडलंय. परळच्या एका हॉस्पिटलात बिलिंगला बसते.

मी नियम केला, अंगावर टाके घालणार नाही. दोन कामं त्यामुळे गेली. एक मुलगी आहे, ती घालते, आता तिला बोलावतात. मला वाईट वाटलं नाही असं म्हणत नाही.

दोन वर्षं संपल्यावर मॅडमचा फोन आला. शेठना तसाच फोटो पुन्हा हवा होता, नव्या मुलीबरोबर. तीच गॅलरी, तेच ऊन. मी म्हटलं, "टाके घालणार नाही." मॅडम म्हणाल्या, "नको घालूस. तू ये." मी गेले. मी तिथे असले तर बरं, असं मला वाटलं. गाऊनवाल्या बाई तिथे राहत नव्हत्या, त्यांच्या दाराला कुलूप होतं.

नवी मुलगी विशीतली, नाशिककडची, पहिलंच मोठं काम. मी नेसवता नेसवताच तिला सांगितलं, "हे बघ, कुठेही टाका नाही. केव्हाही बाथरूमला जायचं असेल तर मला सांग. पाच मिनिटांत सोडते, दहा मिनिटांत परत नेसवते. कोणाला विचारायचं नाही." ती हो म्हणाली.

ऊन आलं. तिच्यासमोर स्क्रीनवर जुना फोटो लावून ठेवला होता, बघून तशीच उभी राहावी म्हणून. तिने गुडघा वाकवला, मान कलती केली, हात गालाशी नेला. "खाली बघ. लाज." अर्ध्या तासाने तिचे पाय मला जुळलेले दिसले. मी जवळ गेले, पदर सारखा करायच्या निमित्ताने. "जायचंय का?"

"नाही, नाही."

थोड्या वेळाने पुन्हा गेले. "चल, मी येते बरोबर. मी सांगते त्यांना."

तिने नजर न हलवता, ओठही फारसे न हलवता उत्तर दिलं. "नको ना ताई. लाइट जाईल. सर चिडतील."

"कोणी चिडत नाही. आणि चिडले तर चिडू देत. तुला कुठे बांधलंय?"

"मी थांबू शकते," ती म्हणाली. "मला सवय आहे."

मी तिचा दंड धरला. तिने तो अलगद सोडवून घेतला आणि हात पुन्हा गालाशी नेला, बरोबर होता त्याच जागी. सर म्हणाले, "ताई, प्लीज, फ्रेममधून बाहेर." साडीत एकही टाका नव्हता, एकही पिन नव्हती. काष्टा एका बोटाने सुटला असता. ती उभी होती. मी बाजूला झाले.